रुबिडियम-87 च्या कंडेन्सेटमधला (अतिथंड अणूंच्या एकजीव ढगातला) डार्क सॉलिटॉन (आकार न बदलता सरकणारी घनतेची खाच) 15 मिलिसेकंदांत गायब. नेमकं काय चुकतंय?

दवबिंदू: कंडेन्सेटमध्ये सुमारे 2 लाख अणू. सापळा आडवा 120 हर्ट्झ, लांबीला 10 हर्ट्झ. 532 नॅनोमीटरच्या प्रकाशाने अर्ध्या ढगावर π फेज (अणूंच्या लहरीची अर्ध्या आवर्तनाची सरक) छापतो. पल्स 200 मायक्रोसेकंद, डीएमडीवरून (सूक्ष्म आरशांच्या चिपवरून) येणारी प्रकाशाची कडा 4 मायक्रॉन रुंद. खाच दिसते, पण 15 मिलिसेकंदांनी काहीच नाही. आडवी वारंवारता दुप्पट करू का?

तिरकी_कडा: आधी पल्स बघा. तुमच्या आकड्यांवरून μ/h (μ म्हणजे केमिकल पोटेन्शियल, ढगात एक अणू वाढवायला लागणारी ऊर्जा; h प्लँकचा स्थिरांक, ħ = h/2π) साधारण 1.07 किलोहर्ट्झ, म्हणजे ħ/μ जेमतेम 0.15 मिलिसेकंद. 200 मायक्रोसेकंदांत अणू चक्क सरकतात. मग फेज छापली जात नाही, ढग ढकलला जातो. 30 मायक्रोसेकंदांवर या. π साठी प्रकाशाच्या अडथळ्याची उंची सुमारे 16.7 किलोहर्ट्झ लागेल. कडाही फार रुंद आहे. हीलिंग लेंग्थ (खाचेच्या रुंदीचं नैसर्गिक माप) इथे पाव मायक्रॉनच्या आत, त्यामुळे 4 मायक्रॉनच्या उतारावर उथळ, पळता सॉलिटॉन तयार होतो आणि बरीचशी ऊर्जा ध्वनिलाटेत जाते. 2 मायक्रॉनच्या खाली आणा.

आणि तुम्ही बघताय ती खाच सॉलिटॉनचीच ना? 532 चा प्रकाश रुबिडियमला दूर लोटतो. घनतेचा उंचवटा अंधाऱ्या बाजूला जातो, सॉलिटॉन उजेडाच्या बाजूला. त्याचा वेग ध्वनीपेक्षा (इथे सुमारे 1.6 मिमी/सेकंद) कमीच हवा.

शून्यालगत: वारंवारता दुप्पट करून फारसं हाती लागणार नाही. आडवा दाब वाढवला की घनता वाढते, तिच्यामागून μ. μ/ħω⊥ हे गुणोत्तर (ω⊥ म्हणजे आडवी वारंवारता; गुणोत्तर जास्त असलं की सॉलिटॉन वाकून मोडतो) सध्या 9 च्या आसपास आहे, ते जेमतेम 13 टक्क्यांनी उतरेल. अणू कमी करा: 27 हजारांवर ते 4 होतं. लांब नळीत थांबलेल्या सॉलिटॉनसाठी मर्यादा 2.5 च्या जवळपास आहे, सरकणारा जरा जास्त सहन करतो. हॅम्बुर्गच्या गटाने 2008 मध्ये सुमारे 50 हजार अणूंत सॉलिटॉन 2.8 सेकंदांपर्यंत टिकवला होता.

दवबिंदू: पण सॉलिटॉन वाकून मोडतोय की उष्ण अणूंमुळे विरतोय, हे कसं ओळखायचं?

शून्यालगत: दोन आडव्या दिशांनी फोटो घ्या, 15 मिलिसेकंद मुक्त प्रसरणानंतर, सापळ्यात खाच कॅमेऱ्याला दिसण्याइतकी रुंद नसते. रेघ नागमोडी किंवा तुटक दिसली तर वाकून मोडतोय, शेवटी भोवरेच उरतात. रेघ सरळ, पण दर फोटोत उथळ आणि टोकाकडे सरकलेली असेल तर दोष उष्ण अणूंचा. सॉलिटॉनचं प्रभावी वस्तुमान ऋण असतं, ऊर्जा गमावली की तो उलट जोरात धावतो. तसं असेल तर बाष्पीभवन अजून खाली न्या.