पाण्यात उभा, तरी ब्लॅक स्प्रूस खुरटा का?

प्रश्न: कॅनडाच्या उत्तरेकडे पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलीत पाणी वीतभर खाली असतं, तरी शंभर वर्षांचा ब्लॅक स्प्रूस (एक सूचिपर्णी झाड) मनगटाएवढाच जाड. मग झाड पाणी घेतं कुठून? पाण्यातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) हे शोधायचं तर नमुना कसा घ्यावा?

उत्तर १: बहुतेक मुळं वरच्या २०–३० सेंमीतच असतात. खाली पाणी आहे, हवा नाही. पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, त्यामुळे बुडालेली मुळं गुदमरतात आणि पाणी ओढणंच मंदावतं. त्यात गारठा: ५ अंशांना पाणी २० अंशांपेक्षा दीडपट चिकट (वाहायला जड) असतं. स्फॅग्नम शेवाळ वर चढत जातं, तशी खोडाला नवी मुळं फुटतात. बोटाने शेवाळ बाजूला करा, ती बारीक तपकिरी मुळं दिसतील.

उत्तर २: हिरवी कोवळी टोकं नकोत, तिथलं पाणी बाष्पीभवनाने बदललेलं असतं. जून फांदी घ्या, साल लगेच सोला, काचेच्या कुपीत घट्ट बंद करून गोठवा. पीटचे नमुने दर ५–१० सेंमी खोलीवर, त्याच दिवशी. निर्वात ऊर्ध्वपातनात (हवा काढून, तापवून नमुन्यातलं पाणी वेगळं करताना) ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, मूल्य खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं, म्हणून ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) सोबत मोजायला हवाच.

उत्तर ३: फिनलंडमध्ये पाणी काढून टाकायला चर खणून पीटवर पाइन वाढवतात, पण सरसकट तोड केली की पाणी पुन्हा वर येतं, कारण उपसणारी झाडंच गेली. नवी रोपं मग बुडतात. थोडी झाडं राखून तोडा.