फी सवलतीचे पैसे संस्था आणते कुठून?

राजारामपुरीतील पालक
नमस्कार. माझी मुलगी कोल्हापूर शहरातील एका धार्मिक अल्पसंख्याक संस्थेच्या विनाअनुदानित शाळेत सहावीत शिकते. गेल्या वर्षी माझी नोकरी सुटली आणि ३२,००० रुपयांच्या फीचा दुसरा हप्ता भरणे अशक्य झाले, तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून अर्ज दिला. आठवडाभरात निम्मी फी माफ झाल्याचे पत्र हाती आले. आम्ही त्या धर्माचे नाही, आणि कोणी ते विचारलेही नाही, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. मात्र पत्राच्या शेवटी ‘सदर सवलत चालू शैक्षणिक वर्षापुरती आहे’ अशी ओळ आहे आणि तीच मनातून जात नाही. हा पैसा इतर पालकांच्या फीमधून येत असेल तर मला संकोच वाटतो. एखाद्या निधीतून येत असेल तर दहावीपर्यंत त्याचा भरवसा धरता येईल का?

जुना खजिनदार
अशाच एका संस्थेचे हिशेब मी अकरा वर्षे पाहिले आहेत. शिक्षण हक्क कायद्यातील, गरीब व वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के प्रवेशांची तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, त्यामुळे त्या प्रवेशांपोटी इतर खासगी शाळांना शासनाकडून मिळणारी प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाईही त्यांना मिळत नाही. गरीब मुलाला घ्यायचे तर भार संस्थेनेच उचलायचा.

तो दोन प्रकारे उचलला जातो, आणि पालकाला दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात फी फक्त घेतली जात नाही. म्हणजे जमेच्या बाजूला तेवढा खड्डा पडतो आणि तो बाकीच्यांच्या फीतून किंवा, सांगताना वाईट वाटते, शिक्षकांची पगारवाढ लांबवून भरला जातो. ज्या वर्षी प्रवेश घटतात त्या वर्षी सर्वप्रथम हीच सवलत जाते. दुसऱ्या प्रकारात देणगीदारांनी दिलेला कायम निधी बँकेत मुदत ठेवीत असतो, मुद्दलाला हात लावला जात नाही आणि फक्त व्याज विद्यार्थ्यांवर खर्च होते. आपल्या मुलीचे १६,००० रुपये दरवर्षी यायचे, तर ७ टक्के दराने सुमारे २,३०,००० रुपयांची ठेव लागते. एका मुलीसाठी एवढी रक्कम कायमची बाजूला ठेवणाऱ्या संस्था थोड्या आहेत, म्हणूनच पत्रात ती ओळ असते. त्यात आपला अपमान शोधू नका. मात्र सवलत कोणत्या खात्यातून दिली, हे कार्यालयात अवश्य विचारा.

दसरा चौक
खजिनदार साहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. धर्मादाय दानाला स्वतःच्या अटी असतात. उदाहरणार्थ, मुस्लिमांमधील बंधनकारक धर्मदान म्हणजे जकात ही वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के असते आणि बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या मते ती पात्र गरजूच्याच मालकीची व्हावी लागते. शाळेच्या छपरावर ती खर्च करता येत नाही. म्हणून जाणत्या संस्था तिचे खाते वेगळे ठेवतात. ऐच्छिक दानाला ही अट नसते, त्यामुळे आपल्यासारख्या कुटुंबाची सवलत बहुधा त्यातून निघते.

आपल्या गावाला ही रीत नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क अशी बोर्डिंगे, म्हणजे वसतिगृहे उभी राहिली. दरबाराने आधार दिला, पण त्या त्या समाजाने आपल्या माणसांकडून निधी उभारावा, हा महाराजांचा आग्रह होता. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत याच जैन बोर्डिंगात राहिले आणि पुढे रयत शिक्षण संस्थेसाठी त्यांनी घरोघरी मूठ मूठ धान्याचा मुष्टिफंड जमवला.

निवृत्त मुख्याध्यापिका
कायम निधीही कायमचा पुरतो असे नाही. आमच्या शाळेच्या जिन्यात एक संगमरवरी पाटी होती : ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ रु. ५०१’, साल १९६८. तिचे वर्षाचे व्याज पस्तीस रुपयांच्या आसपास, म्हणजे एका जाड वहीचेही पैसे नाहीत. अशा चाळीसेक ठेवी होत्या. देणगीदारांच्या वारसांना पत्रे पाठवून, संमती घेऊन, विश्वस्तांच्या ठरावाने त्या एकत्र केल्या आणि माजी विद्यार्थ्यांना त्यात भर घालायला सांगितले, तेव्हा कुठे दरवर्षी तीन मुलींची पूर्ण फी निघू लागली. पारितोषिक समारंभात सर्व देणगीदारांची नावे मात्र आम्ही आजही वाचतो.

आपण संकोच सोडा. पुढच्या वर्षाचा अर्ज जूनपर्यंत थांबवू नका. बहुतेक संस्थांची अंदाजपत्रके त्याआधीच ठरतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा आणि नोकरी सुटल्याचे पत्र सोबत जोडा. अर्जात ‘निधीतून मदत व्हावी’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे तो विश्वस्तांच्या बैठकीपुढे जाईल. नुसती ‘फी माफी’ लिहिली तर तो कार्यालयातच निकाली निघतो.

राजारामपुरीतील पालक
सर्वांचे आभार. आज कार्यालयात विचारले. सवलत निधीतून नव्हे, चालू फीमधून दिलेली आहे. दाखल्यासाठी उद्या अर्ज करतो.