तुम्ही मूळचे कुठले? बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

दिवाळीत माझी भाची अमेरिकेहून आली होती. वय नऊ. शेजारच्या काकूंनी ठेवणीतला प्रश्न काढला, "काय गं, तू इंडियन की अमेरिकन?" ती म्हणाली, "आई म्हणते, आपण बडोद्याचे." काकू हसल्या. मी मात्र विचारात पडले. बडोद्याचे म्हणजे तरी कोण? दांडिया बाजारात आमच्या पाच पिढ्या झाल्या, पण इथे आम्ही 'मराठी लोक' आणि पुण्याला लग्नाला गेलो की 'गुजरातकडचे'. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे मूळ पुरुष पिलाजीराव, त्यांच्या मागून आलेल्या घराण्यांना तर तीनशे वर्षं झाली, तरी "मूळ गाव कोणतं?" काही सुटत नाही. आता त्यावर पासपोर्टचा आणखी एक थर चढला आहे. ज्यांची मुलं बाहेर वाढली, जे स्वतः बाहेर वाढले, त्यांनी लिहा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

एडिसन, न्यू जर्सी (घर रावपुऱ्यात)

2019 ला नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या शपथेत असं आहे की, आजवर ज्या परक्या राजाचे, सत्ताधीशाचे किंवा राज्याचे आपण प्रजाजन वा नागरिक होतो, त्याच्यावरची निष्ठा पूर्णपणे सोडतो. रात्री बाबांना फोनवर हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे महाराजांनाही सोडलंस?" थट्टाच होती, पण मग दोघंही जरा गप्प झालो. आमच्या दिवाणखान्यात सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. बाबा 1943 साली जन्मले ते बडोदे संस्थानात. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि 1 मे 1960 ला ते गुजरातचे झाले. घर तेच, ओटा तोच, हिंचकाही तोच. माणूस जागचा न हलता त्याचं राज्य दोनदा बदललं. निष्ठा कुणी विचारलीच नाही. मी साता समुद्रापार गेलो आणि मला हात वर करून ती सांगावी लागली.

भारतीय पासपोर्ट जमा केला. रद्द होऊन परत आला, तो आईने देवघराच्या खणात ठेवलाय. का, ते विचारलं नाही. आता ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड आहे. नावात 'सिटिझन' असलं तरी तो आजन्म व्हिसाच: मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. आम्हाला शेत नव्हतंच म्हणा.

मस्कत

आमचं उलटं आहे. मुलगी इथे जन्मली, इथेच बारावी झाली, अरबी ऐकून समजते, समुद्राशिवाय तिला गाव वाटत नाही. पण इथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही. पासपोर्ट भारतीय, राहणं माझ्या व्हिसावर. माझी नोकरी संपली की तिचं जन्मगाव परदेश होणार. तिला 'घरी' जायचंय म्हणून बडोद्याला आणलं, तर आठव्या दिवशी विचारते, घरी कधी जायचं?

हॅरो, लंडन (माहेर कारेलीबाग)

मी आले तेव्हा महाराष्ट्र मंडळात गेले. 1932 सालची जुनी संस्था, माणसं प्रेमळ. पण मी "नास्ता करून घ्या ना" म्हटलं की कुणीतरी हळूच विचारायचं, "तुम्ही गुजराती का?" इकडे शेजारचं कुटुंब 1972 ला इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी. त्यांच्या आजी कंपालाच्या, मी बडोद्याची. पहिल्याच दिवशी गुजरातीत अशा बोलत सुटलो की माझ्या नवऱ्याचा चहा गार झाला. त्या आजींनी कधी भारत पाहिला नव्हता! तरी "आपणा देशमां" म्हणायच्या. माझ्या मुलाचा देश कोणता, याची काळजी मी तेव्हापासून सोडली. मुलगा शाळेत ब्रिटिश, नवरात्रात गुजराती, आणि आईशी भांडताना अस्सल मराठी. (भांडणाची मराठी कुठल्या वर्गात न शिकवता आली.)

म्युनिक

माझ्याकडे गोष्ट नाही, तक्रार आहे. 27 जून 2024 पासून जर्मनी म्हणते, आमचं नागरिकत्व घ्या, आधीचंही ठेवा. माझ्या तुर्की सहकाऱ्याने लगेच अर्ज भरला. आपल्याकडे 1955 चा कायदा आहे: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं गेलं. म्हणजे सोडायला सांगणारे आता परके नाहीत, आपलेच. मी अजून अर्ज केलेला नाही. बायकोने केला. जेवताना हा विषय काढत नाही.

शिकागोजवळ, वय 22

मराठी आजीकडून व्हिडिओ कॉलवर शिकले, चुका असतील. तुम्ही सगळे आईबाबा लिहिताय म्हणून मी पण. आम्हाला दोन्हीकडून परीक्षा असते. इथे विचारतात, "नो, व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?" आणि तिथे मंगळसूत्राच्या दुकानातले काका मला इंग्रजीत भाव सांगतात, मी मराठीत विचारलं तरी. मला सगळ्यात राग याचा येतो की आईचा भारत 1998 ला थांबलाय. मी बडोद्यात चुलत बहिणीबरोबर गेले तर तिला आईचे अर्धे नियम माहीतच नव्हते. ती रात्री बारानंतर गरब्याहून आली, कुणी काही बोललं नाही. मला इथे दहाला घरी यायला लागायचं, कारण "आपल्यात असं नसतं". मी अमेरिकन आहे. आणि आजी गेली तेव्हा मला रडायला इंग्रजी शब्द मिळाले नाहीत. ही दोन वाक्यं एकमेकांना खोटी पाडत नाहीत, एवढंच लिहायचं होतं.

बडोदेच, निवृत्त, उन्हाळ्यात मुलाकडे

12 जून 2024. न्यूयॉर्कला भारत विरुद्ध अमेरिका, टी-ट्वेंटी विश्वचषक. नातवाने शाळेला दांडी मारली, मी फितूर होतो. पहिल्या षटकात सौरभ नेत्रावळकरने कोहलीला शून्यावर बाद केलं. नातू उडी मारून ओरडला, सूनबाई म्हणाल्या, "अरे, आपण कुणाच्या बाजूने?" मग नेत्रावळकरनेच रोहितलाही बाद केलं. खरं सांगतो, मीही टाळ्या वाजवल्या. मुंबईचा मुलगा, 2010 ला भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघात खेळलेला, आता अमेरिकेच्या जर्सीत. त्याला परका कसा म्हणू? भारत सात गडी राखून जिंकला तेव्हाही टाळ्या वाजवल्या. नातू म्हणाला, "आजोबा, यू कान्ट डू बोथ." मी म्हटलं, आत्ताच केलं ना.

एडिसन, पुन्हा

वरचं वाचून आठवलं. गेल्या वर्षी बाबांचा व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरत होतो. जन्मदेश: भारत. जन्मगाव: बडोदे. पुढे रकाना होता, जन्माचं राज्य. मी 'गुजरात' टाइप केलं. बाबा म्हणाले, "तेव्हा गुजरात कुठे होतं? खोटं भरू नकोस." मी पुसून 'बडोदा स्टेट' लिहिलं. मुलाखतीत कुणी काही विचारलं नाही. व्हिसा आला.