मदत हवी आहे : पळस फुललेला असताना जांबुघोडा

मंडळी, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. होळीच्या सुमारास सासूबाई आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन जांबुघोडा अभयारण्यात जायचंय. सासूबाईंना पळस डोळे भरून बघायचाय, लेकीला पक्षी. कडा धरणाच्या बाजूला पळस जास्त की झंड हनुमान मंदिराच्या रस्त्याला? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीतून उतरून थोडंसंच चालावं लागेल अशी जागा हवी.

खरी काळजी वेगळीच. तिथे अस्वलं आणि बिबटे आहेत. मार्चपासून मोहाची फुलं पडू लागली की ती खायला अस्वलं पहाटे झाडाखाली येतात. पक्षी तर सकाळीच दिसतात! मग लहान मुलीला घेऊन किती वाजता आत जावं? वनखात्याची परवानगी आणि माहीतगार वाटाड्या तिथेच मिळतो का? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.