कुंभार्ली घाट आणि डीसीटी: घ्यावी की नको?

गुहागरकर:
बाबांचे गुडघे गेलेत, क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिक. महिन्यातून दोनदा कुंभार्ली चढून कऱ्हाड, बाकी गुहागर-चिपळूण. शोरूमवाला टर्बो पेट्रोल डीसीटीच (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गळ्यात मारतोय. चालवून बघितली, गिअर कधी पडला कळलंसुद्धा नाही. पण आमचा मेकॅनिक नाव काढताच कपाळावर हात मारतो. काय करू?

परशुरामचा जावई:
मेकॅनिकचं ऐक. माझी ड्राय क्लचवाली (क्लच तेलात नसलेली) डीसीटी होती. गणपतीत परशुराम घाटात अडीच तास अडकलो. आईच्या मांडीवर गौरीचे मुखवटे, मागे एसटीचा हॉर्न, आणि गाडीत करपल्यासारखा वास. मग डॅशबोर्डवर सूचना: गिअरबॉक्स तापलाय, थांबा. थांबा कुठे? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी! सात महिन्यांनी गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने राम म्हटला. वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. दीड लाखाचं इस्टिमेट, गाडी टो करून कोल्हापूरला, तीन आठवडे तिकडेच.

आंबोलीचा वळणवेडा:
दादा, वाईट वाटलं, पण एक विचारतो, रागावू नकोस. चढावर गाडी ब्रेकवर धरलीस की ॲक्सिलरेटरवर? डीसीटीत क्लच दोन असतात: एकाकडे 1, 3, 5, 7 गिअर, दुसऱ्याकडे 2, 4, 6. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून झटका बसत नाही. पण क्लच तो क्लचच. अर्धवट दाबून गाडी सरपटवली की मॅन्युअलचाही जळतो, फक्त तिथे पाय आपला असतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग हलायचं, पुन्हा ब्रेक पूर्ण दाबायचा. माझे 70 हजार किलोमीटर झाले, त्यातले निम्मे घाटात.

परशुरामचा जावई:
म्हणजे चूक माझीच! दोन गाड्यांची जागा सोडलीस की गणपतीत तिथे तीन रिक्षा घुसतात रे. आणि 2013 साली चीनमध्ये फोक्सवॅगनने 3 लाख 84 हजार डीएसजी (म्हणजे त्यांची डीसीटी) गाड्या परत बोलावल्या, त्या सगळ्यांना काय चालवता येत नव्हत्या? ऑस्ट्रेलियात पॉवरशिफ्टच्या (फोर्डची डीसीटी) तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून फोर्डला 2018 साली 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, तो ग्राहकांच्या पायामुळे?

आंबोलीचा वळणवेडा:
रिक्षांचं मान्य. पण पॉवरशिफ्टच्या त्या गाड्या ड्राय क्लचच्याच, म्हणजे थंड करायला फक्त हवा. वेट क्लच तेलात बुडालेला असतो, तापायला वेळ लागतो. टाटा अल्ट्रोझची डीसीए (टाटाची डीसीटी) वेट आहे, फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 ची डीएसजी ड्राय. दोघींना एकाच काठीने का झोडता? वेटला तेल वेळेवर बदलावं लागतं, तो खर्च मात्र धरा.

खाडीकाठची सुमा:
वेट-ड्राय राहू दे, टॉर्क कन्व्हर्टर (जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक) घ्या ना! व्हर्टसच्याच 1.0 मध्ये मिळतो. तिथे घसरण्याचं काम तेल करतं, क्लच घासत बसत नाही. गिअर पडायला अर्धा क्षण जास्त लागला तर कुंभार्लीत कुणाची गाडी चुकतेय? मायलेज थोडं कमी, एवढंच. आणि गुहागरकर, शोरूमवाल्याला एकच विचारा: हा गिअरबॉक्स उघडणारा माणूस चिपळुणात आहे का? नाहीतर पावसाळ्यात घाट बंद असताना बसा वाट बघत.

मालवणचो:
माझी एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर मशीन टाकता) आसा. घाटात झोके देता, पण गॅरेजवालो गावात आसा. 😄

आंबोलीचा वळणवेडा:
सुमाताई, उघडणाऱ्या माणसाचा मुद्दा बरोबर, तिथे मी हरलो. पण दर आठवड्याला घाटात ओव्हरटेक करणाऱ्याला विचारा तो अर्धा क्षण किती असतो. तरी ड्राय घेणार असाल तर वाढीव वॉरंटीशिवाय सही करू नका, आणि त्यात कंट्रोल युनिट येतं का ते कागदावर वाचा, तोंडी नको.

गुहागरकर:
आत्ताच फोन केला. गिअरबॉक्सचं काम निघालं तर गाडी कोल्हापूरला पाठवणार म्हणाले. टॉर्क कन्व्हर्टरवालीला दीड महिना वेटिंग. रविवारी पाच माणसं बसवून दोन्ही गाड्या परशुराम घाटात चढवून बघतोय, शोरूमवाला कुरकुरत तयार झालाय. बाबा म्हणाले, कुठली कोणती ते मला आधी सांगू नका.