शुक्रवारी कोल्हापूरला पाठवू का? (सोसायटीचा ग्रुप, रत्नागिरी)

बी-२०४ : नमस्कार मंडळी. लेकीच्या कॉलेजचं राज्यशास्त्र अभ्यास मंडळ शुक्रवारी मुलांना कोल्हापूरला नेतंय. पहाटे साडेपाचला निघून रात्री दहापर्यंत परत. ह्यांची बागेत फवारणी चालू आहे, मोहोर चांगला आलाय, त्यामुळे आणायला कोणी नाही. आणि राजकारणाचं नाव काढलं की सासूबाई घाबरतात. पाठवू का?

ए-१०१ काकू : कुठल्या पक्षाचं आहे का ते? नीट विचारून घे हो. सभेला माणसं कमी पडली की पोरांना गाडीत भरून नेतात.

बी-२०४ : पक्षाचं नाही काकू. दोन सर नि एक मॅडम सोबत आहेत. हायकोर्टाचं सर्किट बेंच, बिंदू चौक आणि कसबा बावड्यातलं शाहू महाराजांचं जन्मस्थळ बघायचंय. आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगितलंय.

सी-३०३ : गाडी कुठली? २०२१ च्या जुलैत आंबा घाट खचला होता तेव्हा मी साखरप्याला अडकलो होतो, म्हणून विचारतो.

बी-२०४ : एसटीच ठरवलीय दादा.

सी-३०३ : मग काळजी नको. आता पाऊसही नाही. येताना घाटात धुकं लागेल, स्वेटर दे. दहाला मी स्कूटर घेऊन गेटवर थांबतो.

ए-४०२ काका : पाठव गो, जरूर पाठव. आमच्या जमिनीची केस हायकोर्टात होती. तारीख आली की रात्री स्टेशनवर जाऊन कोकणकन्या धरायची, पहाटे मुंबईला उतरायचं, तोंड धुवायचं ते स्टेशनवरच. वडील सत्तरीला आले तरी बरोबर यायचे, कागदाची पिशवी दुसऱ्याच्या हातात देत नसत. कोर्टाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी आमचं ऐकून घेतलं. पण ते अंतर! कामाचे दोन दिवस बुडायचे, गाडीभाडं वेगळं. आमच्या वाडीतल्या एकाने तेवढ्यासाठी अपीलच केलं नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात काम सुरू झालं, त्या दिवशी मी वडिलांच्या फोटोपुढे साखर ठेवली. लेकीला म्हणावं, मागच्या बाकावर बस आणि कोर्टापुढची माणसं बघ.

ए-१०१ काकू : सर्किट बेंच म्हणजे खंडपीठच ना?

डी-२०१ (वकील ताई) : थोडा फरक आहे काकू. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात कलम ५१ आहे. त्याच्या पोटकलम ३ खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीने आणखी एका ठिकाणी कोर्ट बसवू शकतात. कायमच्या खंडपीठाला पोटकलम २ खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादलाही १९८१ ला असंच सुरू झालं, १९८४ ला कायम झालं. आपल्याकडचे रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि वरचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर असे सहा जिल्हे आता तिथे जोडलेत. वकिलांनी यासाठी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी लावून धरली. निवेदनं दिली, कामकाज बंद ठेवलं, उपोषणं केली. पोरांना राजकारण शिकवायचं तर मला तरी याहून जवळचा धडा दिसत नाही.

ए-३०१ (निवृत्त बाई) : बिंदू चौकात गाडी जरा जास्त वेळ थांबवा म्हणावं. तिथला बाबासाहेबांचा पुतळा १९५० चा, ते हयात असतानाचा. शेजारी जोतीराव. आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगडचं आंबडवे. मी वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही वर बघायची. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. ती तारीख पोरीने पाठ करून नव्हे, जन्मस्थळी उभं राहून वाचावी असं मला फार वाटतं.

बी-२०४ : सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. घावन्यांचा डबा मीच देते म्हणाल्या.

*शुक्रवार, रात्री १०.४०*

बी-२०४ : पोचली हो सुखरूप. दादा, आभार. आता तीच लिहितेय.

काका, मागच्या बाकावरच बसले होते. बोलणं बरंचसं इंग्रजीत, अर्धं डोक्यावरून गेलं. पण शेजारी वैभववाडीच्या एक आजी होत्या, मांडीवर कागदाची पिशवी. मी धरू का विचारलं तर दिली नाही.

ए-४०२ काका : त्यांचं काम झालं का गो?

बी-२०४ : पुढची तारीख पडली. मला वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, असूं दे, दुपारची गाडी धरली की रात्री जेवायला घरी.