शास्त्र (बायबल) की परंपरा: कुठून वाचायला सुरुवात करू?

नगरची_लेक
माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, आहे. माहेरी विचारतात, मृतांसाठी प्रार्थना करा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय? सासरी सांगतात, ही प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळापासून चालत आलेली परंपरा आहे. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात आणि मला उत्तर देता येत नाही. वाद घालायचा नाही, समजून घ्यायचंय. एकमेकांना खोडून काढणारे व्हिडिओ नकोत. काय वाचू, कोणत्या क्रमाने?

वसईकर
ताई, मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय आधी वाचा. लढाईत पडलेल्यांच्या पापक्षमेसाठी यहूदा मक्काबी हा यहुदी सेनानी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. हे पुस्तक माहेरच्या बायबलमध्ये बहुधा मिळणार नाही. तिथे ६६ पुस्तकं, आम्हा कॅथलिकांकडे ७३. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत योहान एक नावाच्या कॅथलिक धर्मपंडिताने शुद्धिस्थानासाठी (मेल्यावर आत्मा शुद्ध होतो ती अवस्था) याच पुस्तकाचा आधार घेतला. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने उत्तर दिलं की ते प्रमाण ग्रंथांत मोडत नाही. तुमच्या घरातला वाद तेव्हापासूनचा आहे, आणि त्याच्या पोटात खरा प्रश्न दडलाय: प्रमाण ग्रंथ कोणते, हे ठरवायचं कुणी?

मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (कॅथलिक बिशपांची जागतिक सभा) १९६५ चा ‘देई व्हर्बुम’ हा दस्तऐवज घ्या. सगळे मिळून २६ परिच्छेद. तुम्हाला ७ ते १० पुरेत. परंपरा म्हणजे नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) किंवा सणाची मिरवणूक नव्हे, प्रेषितांकडून आलेली शिकवण. दहाव्यात स्पष्ट म्हटलंय की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नाही, तो त्याची सेवा करतो. हे आमच्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

पाळकाचा_मुलगा
वसईकरदादांनी प्रश्न बरोबर पकडलाय. पण आम्हा प्रॉटेस्टंटांचं ‘केवळ शास्त्र’ हे तत्त्व म्हणजे परंपरा फेकून द्या, असं नाही. ल्यूथरने नायसीन मतांगीकार (चौथ्या शतकातलं श्रद्धेचं विधान) ठेवला, बालबाप्तिस्माही (तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा) ठेवला. त्याचं म्हणणं एवढंच की पोप आणि धर्मसभा चुकू शकतात, म्हणून शेवटचा निवाडा वचनाचा, म्हणजे बायबलचा. १५२१ मध्ये वर्म्स शहरात सम्राटापुढे त्याने केलेलं भाषण वाचा, छोटं आहे. पुस्तकं ठरवली कुणी, याचं आमच्या बाजूचं उत्तर प्रॉटेस्टंट धर्मपंडित कॅल्व्हिनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात, पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणात आहे: चर्च शास्त्राला ओळखते, अधिकार देत नाही, खात्री पवित्र आत्मा पटवतो.

आमच्या बाजूची अडचणही वाचायलाच हवी. झुरिकमध्ये प्रॉटेस्टंट सुधारक झ्विंग्ली आणि त्याचे तरुण साथीदार, दोघंही ‘केवळ शास्त्र’ म्हणणारे. बायबल तेच, तरी १५२५ मध्ये बालबाप्तिस्म्यावरून फाटलं, आणि १५२७ च्या जानेवारीत त्या साथीदारांतल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. वचन शेवटचं, हे मी मनापासून मानतो. पण दोन माणसांनी ते दोन तऱ्हेने वाचलं तर काय, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

वसईकर
पटलं. आमच्या बाजूचंही सांगतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने ३६७ मध्ये ईस्टरनिमित्त लिहिलेल्या पत्रात नव्या कराराची आपली हीच २७ पुस्तकं आहेत, पण त्याच्या जुन्या कराराच्या यादीत मक्काबी नाहीत. ३९७ च्या कार्थेजच्या (उत्तर आफ्रिका) धर्मसभेच्या यादीत ती आहेत. म्हणजे परंपराही तेव्हा एका सुरात बोलत नव्हती. हे पत्र नवऱ्याबरोबर वाचा.

नगरची_लेक
दोघांचे खूप आभार. मक्काबी सासूबाईंच्या बायबलमधूनच वाचते. मिस्सेला बसले तर चालेल ना?

पाळकाचा_मुलगा
नक्की बसा. कम्युनियन (मिस्सेत वाटतात ती पवित्र भाकर) सहसा कॅथलिकांनाच देतात, म्हणून फादरांशी आधी बोलून घ्या. आणि त्या आधी मार्क ७ आणि २ थेस्सलनीका २:१५ एकाच बैठकीत वाचा. पहिल्यात येशू माणसांच्या परंपरेवर कडक बोलतो, दुसऱ्यात पौल तोंडी दिलेली शिकवणही घट्ट धरायला सांगतो. माहेरी पहिलं ऐकलं असेल, सासरी दुसरं.